उत्पादकता: वजाबाकीतून उरलेला आकडा आणि तो काढणारी माणसं

हातचा एक

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वजाबाकीचं काम दिलं होतं. एका बाजूला उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं तो आकडा. दुसऱ्या बाजूला कामाचे तास किती वाढले आणि यंत्रसामग्री किती वाढली ते आकडे. या दुसऱ्या बाजूला उत्पन्नातल्या ज्याच्या त्याच्या वाट्याने गुणायचं, बेरीज करायची आणि पहिल्या आकड्यातून वजा करायची. जे उरेल ती उत्पादकतेतली वाढ. तिसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना विचारलं, "हे जे उरलंय ते नेमकं काय आहे?" ते म्हणाले, "समजलं की मलाही सांग." त्यांनी हे अगदी मनापासून सांगितलं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

रॉबर्ट सोलो यांनी ही वजाबाकी १९५७ साली प्रसिद्ध केली, अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाच्या आकड्यांवर. त्या ४० वर्षांत दर श्रमतासामागचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं. यंत्रं, अवजारं, इमारती वाढल्या म्हणून त्यातलं किती वाढलं? फक्त १२.५ टक्के. उरलेले ८७.५ टक्के 'तांत्रिक बदल' या एका नावाखाली गेले. त्याच्या आदल्या वर्षी मोझेस अब्रामोविट्झ असाच हिशेब करून थांबले होते आणि उरलेल्या भागाला त्यांनी आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. मला हा शब्दप्रयोग फार प्रामाणिक वाटतो. ज्या आकड्यावर सरकारं धोरणं आखतात, पगारवाढी ठरतात, त्याचं मूळ नाव हे आहे.

धागा काढण्याची दोन कारणं. 'उत्पादकता वाढवा' म्हणजे 'जास्त तास काम करा' असा अर्थ हल्ली सर्रास लावला जातो, आणि तो चूक आहे. उत्पादकता म्हणजे दर तासाचं उत्पादन असं धरलं, तर तास छेदात असतात. तास वाढवून उत्पादन वाढेल, पण माणूस दमला की दर तासाचं उत्पादन उलट घटेल. दुसरं कारण म्हणजे, या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला विचारतात की अर्थतज्ज्ञ दिवसभर करतात काय. मी १४ वर्षं एका सरकारी खात्यात आर्थिक सल्ल्याचं काम करतोय. माझं उत्तर अपुरं आहे. इथे विद्यापीठातले, सांख्यिकीतले, कंपन्यांतले लोक आहेत. तुम्ही कसे आलात, काय करता आणि ते करून काय वाटतं, ते लिहा. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांनी तर नक्की लिहा, कारण मोजले तुम्ही जाता.

---

अजून_शिकतेय

धागा अगदी वेळेवर आला. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन प्रश्न आहेत, बाळबोध वाटले तरी विचारते.

पीएचडी केलीच पाहिजे का? गणितात मी बरी आहे पण हुशार नाही, चालेल का? आणि हा सगळ्यात मोठा: वर्षाला उत्पादकता २.८ टक्क्यांनी वाढली की १.४ टक्क्यांनी, याने कुणाला काय फरक पडतो? वर्गात सगळे माना डोलावतात, मीही डोलावते.

---

खडू-फळा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण मी पहिल्याच तासाला हे फळ्यावर लिहितो. ७० ला वाढीच्या दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. २.८ टक्क्यांनी २५ वर्षं, १.४ टक्क्यांनी ५०. म्हणजे पहिल्या समाजात मूल नोकरीला लागेपर्यंत एका तासाची कमाई दुप्पट झालेली असते. दुसऱ्यात ते मूल निवृत्तीला आलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७३ पर्यंत अमेरिकेचा वेग साधारण पहिल्यासारखा होता, पुढची दोन दशकं तो जवळपास निम्म्यावर आला. पेन्शन, शिक्षण, आरोग्य यांची सगळी आश्वासनं पहिल्या वेगाच्या भरवशावर दिलेली होती. तिथून पुढच्या कितीतरी राजकीय भांडणांच्या मुळाशी ही एवढी तफावत आहे.

गणिताबद्दल: लागतं. पण प्रश्न नीट विचारता येणं त्याहून दुर्मिळ आहे. झ्वी ग्रिलिकेस यांचं उदाहरण देतो. जन्म १९३०, लिथुआनियातला. किशोरवयात नाझींच्या डाखाउ छळछावणीतून जिवंत सुटले. सलग शालेय शिक्षण असं झालंच नाही. शिकागोला पीएचडीसाठी त्यांनी घेतलेला प्रश्न असा: संकरित मका अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी पटापट उचलला, मग दक्षिणेकडच्या राज्यांत तो इतक्या उशिरा का पोचला? तेव्हा बरेच जण म्हणत की शेतकरी जुन्या वळणाचे आहेत. ग्रिलिकेस यांनी आकडे मांडून दाखवलं की जिथे फायदा जास्त होता आणि त्या जमिनीला साजेसं बियाणं तयार झालं होतं, तिथे शेतकरी झपाट्याने वळले. दोष स्वभावाचा नव्हता. १९५७ चा हा निबंध आजही वाचताना त्यातला शेतकऱ्यांबद्दलचा आदर जाणवतो. एखादं तंत्र लोक का स्वीकारत नाहीत, हा प्रश्न आला की मी विद्यार्थ्यांना आधी हेच वाचायला लावतो.

---

नमुना पाहणी

हातचा एक यांनी वजाबाकीबद्दल लिहिलं. मी त्या वजाबाकीत जाणारे आकडे गोळा करण्यात ३१ वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. आमचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कारखान्यात सूत किती किलो निघालं ते मोजता येतं. पण यंदाचा संगणक मागच्या वर्षीच्याच किमतीला आला आणि दुप्पट वेगाचा असला, तर उत्पादन वाढलं की नाही? वाढलं, पण किती, ते ठरवायला किंमत निर्देशांक गुणवत्तेनुसार दुरुस्त करावा लागतो. ही दुरुस्ती चुकली की उत्पादकताही चुकते. १९९६ साली अमेरिकेत मायकेल बॉस्किन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने म्हटलं की ग्राहक किंमत निर्देशांक महागाई वर्षाला सुमारे १.१ टक्का जास्त दाखवतो. एका टक्क्याचा फेर म्हणजे खडू-फळा सरांच्या ७० च्या हिशेबात केवढा मोठा, ते पाहा.

डेल जॉर्गन्सन आणि वर उल्लेख आलेले ग्रिलिकेस यांनी १९६७ साली हाच धागा दुसऱ्या टोकाने ओढला. ते म्हणाले, श्रम आणि भांडवल आपण नीट मोजतच नाही. दहावी झालेल्याचा तास आणि अभियंत्याचा तास सारखा धरतो. ते नीट मोजलं तर सोलो यांचा उरलेला आकडा खूप आकसतो. यावर त्यांचा एडवर्ड डेनिसन यांच्याशी मोठा वाद झाला आणि पुढे त्यांना माघारही घ्यावी लागली, पण मोजण्याची रीत कायमची बदलली.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. शाळा, सरकारी दवाखाने, न्यायालयं यांचं उत्पादन बाजारात विकलं जात नाही, त्यामुळे किंमत नाही. राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात, त्यासाठी जुना संकेत असा, की जेवढा खर्च तेवढंच उत्पादन. याचा परिणाम काय होतो? शिक्षकाने कितीही चांगलं शिकवलं तरी त्याची उत्पादकता व्याख्येनेच जागच्या जागी राहते. ब्रिटनमध्ये टोनी ॲटकिन्सन यांनी २००५ साली यावर अहवाल दिला, त्यानंतर तिथे सार्वजनिक सेवांचं उत्पादन आणि गुणवत्ता थेट मोजण्याचे प्रयत्न पुढे गेले. पण आजही अनेक ठिकाणी जुनाच संकेत चालतो. मी स्वतः असे तक्ते भरले आहेत. माझी थोरली बहीण शिक्षिका होती. तिच्या कामाची वाढ दरवर्षी शून्य लिहिताना मला बरं वाटत नसे.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, १९ वर्षं. तुमची चर्चा वाचत होते. हातचा एक म्हणाले की मोजले जाता तुम्ही, म्हणून लिहिते.

आमच्या रुग्णालयात एक सल्लागार गट आला होता. त्यांनी दर नर्समागे किती रुग्ण ते काढलं. पूर्वी ६ होते, मग ८ झाले. अहवालात लिहिलं, उत्पादकता सुधारली. मला सांगा, मी ६ जणांना वेळेवर कुशीवर वळवत होते, ८ जणांना वळवू शकले नाही, दोघांना शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) झाले. हे कुठे गेलं तुमच्या वजाबाकीत?

आणि हे नुसतं माझं दुःख नाही, यावर अभ्यास आहे. लिंडा एकेन या मूळच्या नर्सच. त्यांच्या गटाने २००२ साली पेन्सिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचे आकडे तपासले. दर नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने नर्स आणि रुग्ण यांचं प्रमाण कायद्याने बांधलं. कायदा १९९९ चा, अंमल २००४ पासून. त्या कायद्यासाठी भांडल्या नर्सेस. अर्थतज्ज्ञ त्या वेळी कुठे होते मला माहीत नाही.

रागाने लिहिलं असेल तर समजून घ्या. आत्ता ड्यूटीवरून आलेय.

---

हातचा एक

ताई, राग योग्य आहे. तुम्ही सांगितलेल्या अहवालात चूक अशी की रुग्णसंख्येला उत्पादन मानलं. उत्पादन म्हणजे बरा होऊन घरी गेलेला माणूस. ८ जणांची काळजी ६ जणांइतकी नसेल तर ती ८ नव्हेच. अशा हिशेबाला उत्पादकता म्हणणं हा आमच्याच शास्त्राचा अपमान आहे.

पण या प्रश्नावर एका अर्थतज्ज्ञाने अर्धं आयुष्य घालवलं, ते सांगायला हवं. विल्यम बॉमोल. त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने आधी पीएचडीला प्रवेश नाकारला होता, एम.ए.ला घेतलं, आणि चर्चासत्रातलं त्यांचं बोलणं ऐकून काही आठवड्यांतच पीएचडीला घेऊन शिकवण्याचं कामही दिलं. पुढे प्रिन्स्टनमध्ये ते अर्थशास्त्राबरोबर लाकडावरचं शिल्पकाम शिकवत. कलेची जाण असल्यामुळेच असेल, १९६६ साली त्यांनी विल्यम बोवेन यांच्यासोबत नाटक आणि संगीत संस्थांच्या तोट्याचा अभ्यास केला. चार वादकांची रचना २०० वर्षांपूर्वी वाजवायला चार माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ आजही लागतो. कारखान्यात मात्र दर तासाचं उत्पादन कितीतरी पट वाढलं, तिथले पगारही वाढले. वादकाचे पगार त्यांच्या बरोबरीने वाढवले नाहीत तर वादक उरणार नाहीत. वाढवले तर मैफल महाग होत जाणार. शिक्षण, शुश्रूषा, म्हाताऱ्यांची देखभाल या सगळ्यांना हेच लागू पडतं.

यातून बॉमोल यांनी काढलेला निष्कर्ष लोक सोडून देतात, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या सेवा महाग होतात त्या इतर क्षेत्रांची उत्पादकता वाढते *म्हणून*. म्हणजे ज्या समाजात त्या महाग होत आहेत, त्याच समाजाला त्या परवडतातही, कारण बाकी सगळं स्वस्त होतंय. 'खर्च वाढतोय, म्हणून नर्स कमी करा' म्हणणारा माणूस या हिशेबाचं अर्धंच पान वाचत असतो. मी असे शेरे मारलेल्या फायली पाहिल्या आहेत आणि सुरुवातीच्या काळात एका फायलीवर मीही तसाच शेरा मारला होता. आज मारणार नाही.

---

ताणाबाणा

कापड गिरणीत विणकाम विभाग बघतो. वाद वाचून एक अनुभव सांगावासा वाटला.

आम्ही जुने शटलचे माग काढून रेपियर, म्हणजे शटलशिवाय चालणारे, माग बसवले. वेग कितीतरी जास्त. पहिलं वर्षभर दर तासाचं कापड *कमी* निघालं. मालक म्हणत, कामगार मुद्दाम करतात. मी रोज मागाजवळ उभा राहून कुठला माग किती वेळ आणि का थांबतो ते वहीत लिहायला लागलो. निघालं असं की वेगवान मागाला ताण्याचं सूत मजबूत लागतं, आणि आमचं खळ देण्याचं खातं जुनंच होतं. धागा तुटायचा, माग थांबायचा. खळीचं खातं सुधारलं, तुटलेला ताणा जोडणाऱ्यांना नव्याने शिकवलं, मागांची मांडणी बदलली. दीड वर्षाने वेग आला. यंत्र तेच, माणसं तीच.

हे तुमच्या वजाबाकीत कसं दिसेल? पहिल्या वर्षी 'अज्ञान' घटलं आणि दुसऱ्या वर्षी वाढलं, असं?

---

खडू-फळा

ताणाबाणा, तुम्ही जे वहीत लिहिलंत तेच पॉल डेव्हिड यांनी १९९० साली विजेच्या बाबतीत मांडलं. एडिसनचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. शतक संपताना अमेरिकन कारखान्यांतल्या यांत्रिक शक्तीपैकी ५ टक्क्यांहूनही कमी विजेच्या मोटारींतून येत होती. उत्पादकतेची मोठी झेप आली १९२० च्या दशकात. ४० वर्षं का लागली? कारण सुरुवातीला लोकांनी वाफेचं एक मोठं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली. छताखालचे लांबलचक दांडे, त्यावरचे पट्टे, बहुमजली इमारत, सगळं जसंच्या तसं. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार दिली तेव्हा कळलं की यंत्रं आता दांड्याच्या ओळीत ठेवायची गरज नाही, कामाच्या क्रमाने ठेवता येतात, कारखाना एकमजली करता येतो. नवी तंत्रं लगेच फळत नाहीत याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं: यंत्राभोवतीचं काम बदलावं लागतं.

संगणक सगळीकडे दिसतात पण उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत, असं सोलो १९८७ साली म्हणाले होते. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. आकड्यांत संगणक दिसायला १९९५ नंतरचा काळ उजाडला, आणि २००५ च्या आसपास तो वेग पुन्हा ओसरला.

---

हातचा एक

ताणाबाणा यांच्या वहीला पुस्ती जोडतो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या कापड गिरण्यांवरच प्रयोग केला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही गिरण्यांना मोफत व्यवस्थापन सल्ला दिला. सल्ला अगदी साधा: माग का थांबला ते रोज लिहा, कापडातले दोष नोंदवा, सुताचा साठा नीट लावा, दुरुस्ती वेळापत्रकाने करा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पुढे काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर त्यातल्या साधारण निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकाला वेळ नव्हता. पण उरलेल्या निम्म्यांचा फायदा टिकून होता.

एकाच उद्योगातल्या कारखान्यांत केवढी तफावत असते, हेही सांगतो. चॅड सिव्हर्सन यांच्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेत एकाच छोट्या उद्योगगटात वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावरचा कारखाना खालच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावरच्या कारखान्याच्या जवळपास दुप्पट माल काढतो, तेवढीच माणसं आणि तेवढंच भांडवल वापरून. नवं काही शोधायचं नाही, शेजारी आधीच करतोय तेवढं केलं तरी किती अंतर कापता येईल!

---

चलपद

कंपनीतल्या अर्थतज्ज्ञाची बाजू मांडते. पीएचडीनंतर मी विद्यापीठात अर्ज केले होते. जानेवारीत होणाऱ्या अमेरिकन अर्थतज्ज्ञांच्या परिषदेत मुलाखती व्हायच्या, तेव्हा त्या हॉटेलच्या खोल्यांत चालायच्या. दोन दिवसांत डझनभर मुलाखती, प्रत्येक अर्ध्या तासाची, त्याच निबंधावर तेच बोलायचं. (२०२० पासून हे ऑनलाइन झालं. त्या खोल्यांत बसलेल्या प्रत्येक मुलीला यात किती सुटका वाटली असेल ते मला ठाऊक आहे.) शेवटी मी तंत्रज्ञान कंपनीत गेले. हाल व्हेरियन २००२ मध्ये गूगलला गेले तेव्हा ते नवल होतं, आता मोठ्या कंपन्यांत अर्थशास्त्रातले पीएचडी शेकड्यांनी आहेत. काम: किमती, लिलावांची रचना, कोणता बदल खरंच उपयोगी पडला ते प्रयोगाने तपासणं. पगार चांगला. प्रयोग आठवड्यात होतो, सरकारात पाच वर्षं लागतील. पण माझं सगळ्यात चांगलं काम कंपनीबाहेर कुणी वाचलेलं नाही, आणि वाचणारही नाही. याचं मला वाईट वाटतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय अजून कुणी काढला नाही. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड यांनी २०२३ साली ग्राहकसेवेतल्या ५,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचे आकडे मांडले: मदतीला एआय दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या त्याहून खूपच जास्त, मुरलेल्यांच्या जवळपास नाहीच. उलट डॅरन असेमोग्लू यांचा २०२४ चा अंदाज असा की सगळ्या अर्थव्यवस्थेची उत्पादकता १० वर्षांत मिळून ०.७ टक्क्याहूनही कमी वाढेल. दोन्ही अभ्यास मला प्रामाणिक वाटतात. एक जण एका खोलीत पाहतोय, दुसरा अशा किती खोल्या आहेत ते मोजतोय. ब्रिन्योल्फसन आणि रॉबर्ट गॉर्डन यांची तर पैजच लागली आहे, २०२९ अखेरपर्यंत अमेरिकेत उत्पादकतावाढीची सरासरी १.८ टक्क्याच्या वर जाते की नाही यावर. गॉर्डन 'नाही'च्या बाजूला. आणि गॉर्डन यांच्या निराशेला वर्षानुवर्षं उत्तर देणारे जोएल मोकिर त्यांच्याच विद्यापीठात, नॉर्थवेस्टर्नमध्ये आहेत. मोकिर यांना २०२५ चं नोबेल मिळालं, आगियाँ आणि हॉविट यांच्यासोबत.

---

अजून_शिकतेय

सगळं दोनदा वाचलं. एक विचारू? हातचा एक सर, तुम्ही सल्ला देता, तो ऐकतात का?

---

हातचा एक

खरं उत्तर देतो. बहुतेक वेळा नाही. मी आणि दोन सहकाऱ्यांनी एका परवाना पद्धतीवर अहवाल लिहिला होता, आठ महिने लागले होते. तो ६ वर्षं कपाटात राहिला. मग एक दिवस नव्या अधिकाऱ्यांनी मागवून घेतला आणि तीन महिन्यांत अर्धा अंमलात आला. आमचं नाव त्यावर नव्हतं. मला आनंद झाला, खरंच झाला.

आर्थर लुईस यांचं आयुष्य मला आधार देतं. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जन्म, १४ व्या वर्षी शाळा संपली, सरकारी कचेरीत कारकून झाले. अभियंता व्हायचं होतं, पण काळ्या अभियंत्याला ना वसाहत सरकार नोकरी देणार होतं ना साखरमळे. म्हणून लंडनला वाणिज्य शिकायला गेले आणि तिथे अर्थशास्त्र भेटलं. १९५३ साली त्यांनी गोल्ड कोस्टच्या औद्योगिकीकरणावर अहवाल दिला. त्याचं सार: आधी शेतीची उत्पादकता वाढवा, कारखाने त्याच्या जोरावर उभे राहतील. १९५७ साली तो देश घाना म्हणून स्वतंत्र झाला, लुईस तिथले पंतप्रधान एन्क्रुमा यांचे सल्लागार झाले, आणि दिखाऊ प्रकल्पांवरून मतभेद होऊन पुढच्याच वर्षी बाहेर पडले. १९७९ साली नोबेल मिळालं. मधल्या काळात ते वेस्ट इंडिज विद्यापीठ आणि मग कॅरिबियन विकास बँक उभी करत होते. ऐकलं नाही म्हणून त्यांनी काम टाकलं नाही, आणि ऐकावं म्हणून मतही बदललं नाही.

---

खडू-फळा

कधी कधी ऐकतातही. ज्युलियन सायमन यांनी १९६८ साली सुचवलं की विमानात जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली तर कुणालाही जबरदस्तीने उतरवू नका, 'किती भरपाई मिळाली तर तुम्ही आपणहून पुढच्या विमानाने जाल' असं प्रवाशांनाच विचारा. विमान कंपन्यांनी ते उडवून लावलं. १९७७ साली कॉर्नेलचे प्राध्यापक आल्फ्रेड कान अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी ही पद्धत आली. कल्पनेला १० वर्षं एका खुर्चीची वाट पाहावी लागली. कान यांनी मंडळात आल्याआल्या सोप्या भाषेत लिहा असं पत्रक काढलं होतं. भाडी आणि मार्ग ठरवण्याचा मंडळाचा अधिकारच काढून घेणारा कायदा त्यांनी पुढे रेटला. १९७८ साली तो झाला आणि १९८५ च्या सुरुवातीला मंडळ बंद झालं. स्वतःची खुर्ची अनावश्यक ठरवण्यासाठी झटलेला माणूस विरळाच. कॉर्नेलला शिकणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राकडे ओढलं तेही कान यांच्या तासांनी. त्यांचं २०२३ चं नोबेल सर्वांना ठाऊक आहे.

आणि पीएचडीबद्दल: सांख्यिकी खातं, मध्यवर्ती बँकेतलं आकडेवारीचं काम, जिल्हा पातळीवरचं मूल्यमापन यांना एम.ए. पुरते. संशोधन स्वतःच्या प्रश्नावर करायचं असेल तरच पीएचडी. पाच-सहा वर्षं एका प्रश्नाशी राहायची तयारी हवी.

---

नमुना पाहणी

रात्रपाळी ताई, तुमच्या प्रतिसादाचा विचार दोन दिवस करतोय. एक विचारतो. तुमच्या नोंदवहीत शिफ्ट संपताना काय काय लिहिता?

---

रात्रपाळी

तापमान, रक्तदाब, औषधं, लघवीचं माप, कुशीवर वळवल्याची वेळ, शय्याव्रण असेल तर त्याची पायरी, कुणी पडलं तर ती घटना. घंटा वाजल्यापासून आम्ही पोचेपर्यंत किती वेळ गेला ते लिहीत नाही, रकानाच नाही. आणि शेवटी 'शेरा' म्हणून मोकळी जागा असते. तिथे आम्ही खरं लिहितो. 'आज दोघीच होतो, खाट ११ चं मलमपट्टीचं उशिरा झालं.' असं. ते कुणी वाचत नाही.

---

नमुना पाहणी

शय्याव्रण आणि पडण्याच्या घटना दर १,००० खाट-दिवसांमागे (एक खाट एक दिवस भरलेली म्हणजे एक खाट-दिवस) काढता येतील. तुमच्या नर्सच्या संख्येशेजारी महिन्या-महिन्याने ठेवता येतील. ६ चे ८ झाले त्याच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष. सल्लागारांच्या तक्त्यात फक्त एक स्तंभ जास्त.

---

हातचा एक

मला शेऱ्यांची पानं वाचायची आहेत. रुग्णांची नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेली. 'दोघीच होतो' हे किती रात्री लिहिलंय एवढंच आधी मोजू. अजून_शिकतेय, तुम्हाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर यात या.

---

अजून_शिकतेय

येते. नमुना पाहणी काका, १,००० खाट-दिवसांचा हिशेब मला व्यक्तिगत निरोपातून समजावाल का?

---

रात्रपाळी

मेट्रनबाईंना लेखी परवानगी विचारते. त्या हो म्हणाल्या तर पुढे रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीकडे जावं लागेल, त्याला महिना-दोन महिने लागतात. वह्या २०१४ पासूनच्या आहेत, तळघरात. आज पुन्हा रात्रीची ड्यूटी आहे, उद्या सकाळी कळवते.